पोथी मिटली कधी? मॉर्मन पंथ आणि ख्रिस्ती शास्त्रग्रंथाची कल्पना

अमेरिकेत मॅरियट साखळीच्या हॉटेलात उतरलेल्या माणसाला खोलीतल्या टेबलाच्या खणात बहुधा दोन पुस्तके सापडतात. एक बायबल, दुसरे 'बुक ऑफ मॉर्मन'. मॅरियट घराणे मॉर्मन पंथाचे असल्यामुळे ही व्यवस्था. बहुतेक प्रवासी खण उघडून लगेच लावून घेतात. माझ्या एका भाच्याने मात्र त्या दोन पुस्तकांचे छायाचित्र मला पाठवून विचारले होते, "मामा, ख्रिस्ती लोकांची बायबले दोन असतात का?" प्रश्न साधा दिसतो, पण ख्रिस्ती जगात या प्रश्नावरून जवळपास दोनशे वर्षे भांडण चालू आहे. ते भांडण नेमके कशाबद्दल आहे, हे मराठी वाचकापुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू.

मी धर्मशास्त्राचा पदवीधर नाही, आणि ख्रिस्ती किंवा मॉर्मनही नाही. उमेदीची वर्षे छापखान्यात मुद्रितशोधन करण्यात गेली. ग्रंथ हाती आला की तो देवाचा की माणसाचा हे विचारण्याआधी त्याची प्रत कुठली, आवृत्ती कितवी आणि दोन आवृत्त्यांत काय बदलले हे पाहायची सवय तेव्हा लागली. या लेखातली दृष्टीही तीच आहे.

प्रथम परंपरागत ख्रिस्ती भूमिका. 'बायबल' हे एक पुस्तक आहे असे आपण समजतो, पण ती वेगवेगळ्या शतकांत लिहिलेल्या पुस्तकांची पेटी आहे आणि त्या पेटीत किती पुस्तके, याबद्दल ख्रिस्ती लोकांतच एकमत नाही. प्रोटेस्टंटांची ६६, कॅथलिकांची ७३, इथिओपियाच्या प्राचीन ख्रिस्तसभेची ८१. नव्या करारातल्या २७ पुस्तकांची आज चालते तशी यादी प्रथम आढळते ती अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अथनेशियस याने इ. स. ३६७ मध्ये लिहिलेल्या पत्रात. म्हणजे येशूनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी. त्यानंतर हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) येथील धर्मसभांनी यादीवर मोहोर उमटवली. कॅथलिक सभेने जुन्या करारासह पूर्ण यादी सर्वांवर बंधनकारक ठरवली ती थेट १५४६ मध्ये, ट्रेंटच्या परिषदेत; तेही ल्यूथरने काही पुस्तकांच्या अधिकाराबद्दल शंका घेतल्यानंतर.

यादी करायला शतके लागली, पण यादी संपली आहे याबद्दल मात्र या सगळ्यांचे एकमत आहे. देवाने मानवजातीला जे जाहीरपणे सांगायचे ते येशू आणि त्याचे प्रेषित यांच्यापाशी सांगून संपले. यापुढे अर्थ लावायचा, भर घालायची नाही. कॅथलिक त्या शास्त्राच्या जोडीला परंपरेलाही मान देतात, ल्यूथरचे अनुयायी केवळ शास्त्र म्हणतात. भांडण आहे ते अर्थ कोणी लावायचा याचे.

बायबलाच्या अगदी शेवटी, 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या अखेरच्या ओळींत, या ग्रंथात भर घालणाऱ्याला आणि त्यातून काही काढणाऱ्याला दिलेला शापवजा इशारा आहे. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत शके १५०६ मध्ये सिद्ध केल्यावर तीत पदरची ओवी घुसडणाऱ्याला एकनाथांनी सुनावले, ते ज्यांना आठवत असेल त्यांना या इशाऱ्याचा सूर ओळखीचा वाटेल. मॉर्मन पंथाविरुद्ध सर्वाधिक वापरले जाणारे वचन हेच. पण माझ्या मते हा युक्तिवाद लंगडा आहे. तो इशारा 'प्रकटीकरणा'पुरता आहे. ते पुस्तक लिहिले गेले तेव्हा नवा करार एकत्र बांधलेला नव्हताच. शिवाय असाच इशारा मोशेच्या 'अनुवाद' या पुस्तकातही (४:२) आहे. तो अक्षरशः घ्यायचा तर त्यानंतरचे सारे संदेष्टे आणि चारही शुभवर्तमाने बाद करावी लागतील. मॉर्मन प्रचारक हे उत्तर देतात, आणि ते बरोबर देतात.

आता दुसऱ्या पुस्तकाकडे. जोसेफ स्मिथ १८०५ साली व्हर्मांटमध्ये जन्मला. पुढे त्याचे कुटुंब न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावाजवळ शेती करू लागले. शिक्षण जेमतेम. त्याचे म्हणणे असे की, १८२३ मध्ये मोरोनी नावाच्या देवदूताने दर्शन देऊन जवळच्या टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांची खूण सांगितली आणि १८२७ मध्ये ते पत्रे त्याच्या हवाली केले. त्यांवर अमेरिकेच्या प्राचीन रहिवाशांचा इतिहास कोरलेला होता: इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास यरुशलेम सोडून समुद्रापार आलेल्या लेहीच्या कुटुंबाचा, त्याच्या वंशजांतल्या यादवीचा आणि पुनरुत्थानानंतर येशूने त्यांना दिलेल्या भेटीचा. भाषांतराची रीत त्याच्या पत्नीने आणि सहकाऱ्यांनी नंतर सांगितली आहे. टोपीत एक दगड ठेवायचा, प्रकाश येऊ नये म्हणून टोपीत तोंड घालायचे आणि दिसेल ते उच्चारायचे. समोरच्याने लिहून घ्यायचे. तो तपकिरी दगड चर्चच्या ताब्यात आहे आणि त्याचे छायाचित्र चर्चनेच २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. आजचा बराचसा मजकूर १८२९ च्या वसंतात तीन महिन्यांच्या आत सांगून झाला. अडीच लाखांहून अधिक शब्द! काम संपल्यावर पत्रे देवदूताला परत केले असे सांगितले जाते. ते पाहिल्याचे अकरा साक्षीदारांचे जबाब मात्र पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीत छापलेले असतात.

यापुढचा भाग छापखान्यातल्या माणसाच्या जिव्हाळ्याचा. पाल्मायराच्या ग्रँडिनच्या छापखान्यात ५००० प्रतींचे काम ठरले. पैशासाठी मार्टिन हॅरिस या शेतकऱ्याने आपली जमीन गहाण टाकली. मजकूर थोडा थोडा येई. कंपोझिटर जॉन गिल्बर्ट याने म्हातारपणी सांगितले आहे की, हस्तलिखितात विरामचिन्हे नव्हती. तो काही पाने घरी नेई आणि शिसपेन्सिलीने स्वल्पविराम, पूर्णविराम टाकून दुसऱ्या दिवशी खिळे जुळवायला बसे. १८३० च्या मार्चमध्ये पुस्तक बाहेर आले. त्यातली वाक्ये कुठे थांबतात हे एका कंपोझिटरने ठरवलेले आहे. पुढच्या, १८३७ च्या आवृत्तीत हजारो फरक झाले. बहुतेक व्याकरणाचे, पण सगळे नाहीत. पहिल्या आवृत्तीत मरियेला 'देवाची आई' म्हटले होते. दुसरीत ती 'देवाच्या पुत्राची आई' झाली. एका शब्दाची भर, पण ख्रिस्ती धर्मशास्त्रात याच शब्दावरून पाचव्या शतकात परिषदा भरल्या होत्या. दगडावर शब्द उमटत होते आणि बरोबर उतरवून झाल्याशिवाय पुसले जात नव्हते, असे एका साक्षीदाराने सांगितले असताना ही दुरुस्ती कशी बसवायची, हा प्रश्न टीकाकार विचारतातच.

नव्या ग्रंथाला मान देणाऱ्या या पंथाने बायबल टाकून दिले, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. पंथाचे प्रमाणग्रंथ चार: बायबल, बुक ऑफ मॉर्मन, 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स' हा जोसेफ व त्याच्या वारसांना झालेल्या प्रकटीकरणांचा संग्रह, आणि 'पर्ल ऑफ ग्रेट प्राइस' हे छोटे संकलन. जोसेफने १८४२ मध्ये श्रद्धेची १३ कलमे मांडली. त्यांतल्या आठव्याचा आशय असा की, बायबल देवाचे वचन आहे, मात्र भाषांतर जितपत बरोबर असेल तितपत. बुक ऑफ मॉर्मनही देवाचे वचन आहे. तिथे ही अट नाही. सगळा फरक या अटीत आहे. इथे 'भाषांतर' या शब्दाने केवळ हिब्रूतून इंग्रजीत येणे अभिप्रेत नाही. प्रेषितांच्या मृत्यूनंतर चर्च भ्रष्ट झाले आणि शास्त्रातल्या साध्या, मोलाच्या गोष्टी मध्येच काढून टाकल्या गेल्या, असे बुक ऑफ मॉर्मन स्वतःच सांगते. परंपरागत ख्रिस्ती मताप्रमाणे चर्चने शास्त्र जपले. मॉर्मन मताप्रमाणे चर्चच्या हातात ते झिजले.

भाषांतराचा प्रश्न मराठीलाही नवा नाही. सेरामपूरहून केरीने मराठी नवा करार १८११ मध्ये छापला, आणि तेव्हापासून मराठी बायबल पुन्हा पुन्हा तपासले, सुधारले गेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे 'सुबोध बायबल' हा त्याच वाटेवरचा अलीकडचा मोठा टप्पा. पंडिता रमाबाईंना तर प्रचलित भाषांतरातला संस्कृतप्रचुरपणा आणि हिंदू तत्त्वज्ञानाची छटा असलेले शब्द खटकत होते. त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सगळे बायबल स्वतः मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून निघाला. जोसेफ स्मिथलाही प्रचलित बायबल अपुरे वाटत होते. त्याने १८३० ते १८३३ या काळात सबंध बायबलाची दुरुस्ती केली, पण समोर मूळ भाषांतली हस्तलिखिते नव्हती. होते ते इंग्रजीतले किंग जेम्स बायबल. हिब्रूचे धडे त्याने नंतर, १८३६ च्या हिवाळ्यात गिरवले. दुरुस्ती करताना वचने बदलली, उत्पत्तीच्या पुस्तकात तर नवे अध्याय आले, आणि 'गीतरत्न' हे पुस्तक ईश्वरप्रेरित नाही असा शेराही त्याच्या हस्तलिखितात आहे. रमाबाईंसाठी शुद्ध पाठ मागे, मूळ भाषेत होता. जोसेफसाठी तो वर होता. गंमत अशी की, त्याच्याच चर्चचे अधिकृत इंग्रजी बायबल आजही किंग जेम्सचेच आहे. जोसेफच्या दुरुस्त्या तळटीपांत आणि परिशिष्टात येतात.

आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. दोन प्रतींत एकच चूक सापडली, तर एकीवरून दुसरी उतरली किंवा दोन्ही तिसरीवरून उतरल्या, हे ओळखावे. बरोबर मजकूर कुठूनही येऊ शकतो, पण चूक आपले घराणे सांगते. बुक ऑफ मॉर्मनला ही युक्ती लावून पाहण्यासारखी आहे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेच्या शेवटी देवाच्या राज्याचा आणि सामर्थ्याचा गौरव करणारे एक वाक्य प्रोटेस्टंट म्हणतात. मत्तयाच्या सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत ते नाही. उपासनेतल्या वापरातून ते पुढे मजकुरात शिरले असे बहुतेक अभ्यासक मानतात. लॅटिन बायबलातही ते नव्हते, आणि कॅथलिक घरांत ही प्रार्थना त्या वाक्याआधीच संपते. किंग जेम्समध्ये ते आहे. अमेरिकेत येशूने तीच प्रार्थना शिकवल्याचा प्रसंग बुक ऑफ मॉर्मनमध्ये येतो, आणि तिथेही ते वाक्य आहे. मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचने सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत; त्यांतल्या काहींचे जवळपास तेच शब्द बुक ऑफ मॉर्मनमध्ये मोरोनीच्या तोंडी आहेत. यशयाचे प्रकरण याहून मोठे. बुक ऑफ मॉर्मनमध्ये यशयाच्या सुमारे वीस अध्यायांइतका मजकूर, बराचसा किंग जेम्सच्या शब्दांत, आला आहे. लेहीच्या कुटुंबाने यरुशलेमहून आणलेल्या पितळी पत्र्यांवरून तो घेतला, असे ग्रंथ सांगतो. पण त्यात यशयाचे ४८ ते ५४ हे अध्यायही आहेत. आधुनिक अभ्यासकांच्या मते ४० व्या अध्यायापासूनचा भाग बाबेलच्या बंदिवासात लिहिला गेला, म्हणजे लेहीने यरुशलेम सोडल्यानंतर काही दशकांनी.

मॉर्मन अभ्यासकांना हे माहीत आहे. देव ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या भाषेत बोलतो आणि १८२९ मधल्या अमेरिकनाची धर्मभाषा किंग जेम्सचीच होती, असे काही जण म्हणतात; काही जण यशयाच्या विभागणीचा सिद्धान्तच नाकारतात. त्यांच्या बाजूची एक गोष्ट मलाही नोंदवलीच पाहिजे. रॉयल स्काउसेन या भाषाशास्त्रज्ञाने १९८८ पासून या ग्रंथाची हस्तलिखिते अक्षरन् अक्षर तपासली. मूळ हस्तलिखिताचा जेमतेम चौथा हिस्सा टिकला आहे, पण त्यातल्या चुका कानाच्या आहेत आणि छापखान्यासाठी केलेल्या नकलेतल्या चुका डोळ्यांच्या. म्हणजे कोणीतरी सांगत होते आणि कोणीतरी लिहून घेत होते, एवढा भाग कागदानेच सिद्ध होतो. सांगणाऱ्यापाशी ते कुठून आले, हे कागद सांगत नाही.

दुसऱ्या एका ग्रंथाबाबत मात्र कागद बोलला. १८३५ मध्ये ओहायोतल्या कर्टलंड गावी एक फिरता प्रदर्शनकार इजिप्तच्या ममी आणि पपायरसच्या गुंडाळ्या घेऊन आला. जोसेफ आणि मंडळींनी त्या २४०० डॉलरना विकत घेतल्या आणि त्यांतल्या एकीवर अब्राहामाचा वृत्तान्त आहे असे जोसेफने जाहीर केले. ते 'बुक ऑफ अब्राहाम' १८४२ मध्ये चित्रांसह छापले, पुढे 'पर्ल ऑफ ग्रेट प्राइस'मध्ये गेले आणि १८८० मध्ये प्रमाण ठरले. पपायरस १८७१ च्या शिकागोच्या आगीत जळाले असे समजत. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांचे काही तुकडे निघाले. छापलेल्या पहिल्या चित्राचे मूळ त्यांत होते. इजिप्तविद्येच्या अभ्यासकांनी वाचून सांगितले की, हे होर नावाच्या पुरोहिताच्या मरणोत्तर प्रवासासाठी लिहिलेले विधिग्रंथ आहेत, अब्राहामानंतर कित्येक शतकांनी लिहिलेले. उपलब्ध तुकड्यांवरचा मजकूर बुक ऑफ अब्राहामशी जुळत नाही, हे चर्चनेही २०१४ च्या आपल्या निबंधात मान्य केले. मूळ गुंडाळीचा हवा तो भाग नष्ट झाला असेल, किंवा पपायरस हे निमित्त झाले आणि मजकूर प्रकटीकरणाने मिळाला, असे दोन पर्याय तो निबंध ठेवतो. दुसरा पर्याय मला जास्त प्रामाणिक वाटतो, पण मग 'भाषांतर' या शब्दाला काय अर्थ उरतो?

इथवर वाचून परंपरागत ख्रिस्ती वाचकाने निश्चिंत होऊ नये. नव्या कराराच्या ग्रीक प्रती पाच हजारांहून अधिक आहेत, यरुशलेम आणि निनवे नकाशावर दाखवता येतात, आणि बुक ऑफ मॉर्मनमधल्या एकाही शहराची जागा सर्वमान्य नाही, हा फरक खराच. पण यरुशलेम जमिनीवर आहे एवढ्याने पुनरुत्थान सिद्ध होत नाही. तिथे ख्रिस्ती माणूसही शेवटी अंतःकरणाकडेच वळतो. शास्त्र देवाचे आहे याची अखेरची खात्री पवित्र आत्मा आतून पटवतो, असे कॅल्व्हिनने सोळाव्या शतकात मांडले. बुक ऑफ मॉर्मनच्या शेवटच्या अध्यायात मोरोनी वाचकाला नेमके हेच सांगतो: हे खरे आहे का, ते देवालाच विचार, आत्मा तुला दाखवील. साधन एक आणि निष्पत्ती दोन. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन धर्मदूत मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यातही त्याने छोटी मंडळी जमवली. त्याच्या आधी चाळीस वर्षे अमेरिकन मराठी मिशनचे लोक याच मुंबईत बायबल वाटत होते. दोघांच्याही हाती किंग जेम्स होते आणि दोघेही आतल्या साक्षीची ग्वाही देत होते.

उघड्या पोथीचा खरा परिणाम माणसांवर दिसतो. जोसेफच्या मृत्यूपूर्वी बहुपत्नीत्वाचे प्रकटीकरण लिहिले गेले होते. १८७६ मध्ये ते 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स'मध्ये आले आणि त्याच वेळी एकपत्नीत्व सांगणारे १८३५ पासूनचे कलम काढले गेले. १८९० मध्ये, केंद्र सरकार चर्चच्या मालमत्तेवर टाच आणत असताना, अध्यक्ष वुडरफ यांच्या जाहीरनाम्याने नवे विवाह थांबवले. काळ्या वंशाच्या पुरुषांना पुरोहितपद नाकारण्याची प्रथा शतकाहून अधिक काळ चालली. तिच्या समर्थनार्थ बुक ऑफ अब्राहाममधली वचने दाखवली जात. जून १९७८ मध्ये अध्यक्ष किंबॉल यांना प्रकटीकरण झाल्याचे जाहीर झाले आणि बंदी उठली. मिटलेल्या पोथीच्या धर्मांनाही गुलामगिरीचे समर्थन करणारी वचने मागे टाकावी लागलीच. त्यांनी ती अर्थ बदलून टाकली, आणि त्याला पिढ्या लागल्या. इथे एका घोषणेने दार उघडले. पण त्या घोषणेची वाट पाहत जे काळे सभासद म्हातारे होऊन गेले, त्यांना कालचा संदेष्टा चुकला होता की आज देवाचे मन बदलले, याचे उत्तर कोणी दिले नव्हते. आधी सांगितली जाणारी कारणे चर्चने स्पष्टपणे नाकारली ती २०१३ मध्ये.

सॉल्ट लेक सिटीच्या चर्चने प्रमाणग्रंथांत शेवटची भर घातली ती १९८१ च्या आवृत्तीत. जोसेफच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाच्या नेतृत्वाखाली वेगळी झालेली शाखा, आता 'कम्युनिटी ऑफ ख्राइस्ट', हिने मात्र कलमे जोडणे चालू ठेवले. १९८४ च्या १५६ व्या कलमाने तिथे स्त्रियांना पुरोहितपद मिळाले, आणि ते न पटून हजारो सभासद बाहेर पडले. याच शाखेने छापखान्यासाठी केलेली बुक ऑफ मॉर्मनची हस्तलिखित नक्कल विकत घेतली होती, गिल्बर्टने जिच्यावर पेन्सिल चालवली ती. २०१७ मध्ये साडेतीन कोटी डॉलर घेऊन त्यांनी ती सॉल्ट लेकच्या चर्चला विकली. जोसेफच्या बायबल-दुरुस्तीची हस्तलिखितेही २०२४ मध्ये, कर्टलंडच्या मंदिरासह, तिकडेच गेली.